गौरव्वाचं लुगडं

अण्णा, मल्लूचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, जनावरांच्या बाजारात, एका खिलार बैलाच्या जबड्यात बोटं घालून उभा होतो. तुझा पोरगा पुण्याहून बोलत होता. "शिवाकाका, आत्ता आईचा फोन आला. अण्णा गेले." मी 'बरं' म्हणालो. फोन खिशात ठेवला, बैलाचं तोंड मिटलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "चार दाती हाय, बघून घ्या." सौदा पुरा केला. बैल गाडीत चढवून दिला. चहा प्यालो. मग गावाकडं निघालो.

बाजारातल्या लोकांनी हे पाहिलं आणि तुला माती द्यायच्या आत सगळ्या भावकीत झालं की शिवप्पा दगड आहे. असेन. त्या दिवसापासून मला काही लागत नाही, एवढं खरं. ताट पुढं आलं की जेवतो. तिखट आहे की आळणी, कळत नाही. परवा एका बैलानं पायावर पाय दिला, तर दुसऱ्या माणसानं ओरडून मला बाजूला ओढलं.

तुला बसवलं होतं. आपल्यात बसवूनच पुरतात. मांडी घातलेली, कपाळाला विभूती, हातात लिंग. गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसायचास तसाच दिसत होतास, फक्त गप्प. स्वामी म्हणाले, बेलाचं पान टाका. मी पुढं झालो तर मागून भावकीतला चंद्रशा म्हातारा म्हणाला, "ए, थोरल्या घरच्यांनी आधी टाकू द्या की."

खड्ड्याच्या काठावरसुद्धा, अण्णा.

मी हात मागं घेतला. एरवी मी चंद्रशाला तिथंच धरला असता. राग यायची मी वाट बघितली. आला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की माझ्या आत काहीतरी बंद पडलंय.

हा थोरलं-धाकट्याचा काटा माझ्या पायात लहानपणापासून आहे, तुला माहीत आहे. मी तुझ्यापेक्षा एका पावसाळ्यानं मोठा. तरी 'अण्णा' तू आणि 'शिवा' मी. का, तर सिद्रामप्पाला दोन बायका. थोरलीचे ते तुम्ही, धाकटीचे ते आम्ही. हा सिद्रामप्पा म्हणजे आपला खापरपणजोबा की त्याच्याही वरचा, हे सांगणारा कुणी उरला नव्हता. भीमेच्या पलीकडून एक बैल घेऊन आला, हितं राहिला, दोन घरं झाली. बास. तेवढ्यावर आम्ही पिढ्यान्पिढ्या धाकटे.

आणि दर वर्षी येळवसला, मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, ते धाकटेपण मला हातात धरून चालावं लागायचं. सगळी भावकी शेतात. उभी ज्वारी, कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीची मडकी. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, सहावा दगड. गौरव्वा. आपल्या शेताला गौरव्वाची पट्टी म्हणतात तिच्यावरूनच. कुठलीशी देवी असेल, एवढंच सगळे धरून चालले होते. तिची रीत वेगळी. आधी आमच्या, म्हणजे धाकट्या घरच्या पुरुषानं नवं लुगडं आणायचं आणि त्या दगडावर टाकायचं. तोंडानं एक शब्द काढायचा नाही. हलगी वाजत असली तर तेवढ्यापुरती थांबवायची. मग थोरल्या घरच्यानं, म्हणजे तू, पहिला नारळ फोडायचा. मग आमचा नारळ. का, विचारलं तर उत्तर एकच: तशी रीत हाय.

मी दुधनीहून सोलापूरपर्यंत दुसऱ्याचे बैल पायी हाकत मोठा झालो. आज माझी गाडी आहे, घर आहे, बाजारात मी आलो की दलाल बिडी विझवतात. पण येळवसला मी घडी घातलेलं लुगडं घेऊन हमालासारखा उभा. खर्च आमचा, मान तुमचा. मी दर वर्षी हे बोलायचो. तू दर वर्षी ऐकून हसायचास आणि उंडा मोडून भज्जीत बुडवायचास.

तुझ्या हसण्याचा मला राग होता. तुझ्या नोकरीचाही. गुरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणारा माणूस, पण तालुक्यातले शेतकरी माझ्याकडून बैल घ्यायच्या आधी तुझ्याकडं आणायचे. मी चार दाती, म्हणजे तरणा, म्हणायचो. तू जबडा उघडायचास आणि तोंडभर हसून सांगायचास, "आठी दात जुळलेत की रं ह्याचे. म्हाताऱ्याला हळद लावून आणलीस व्हय, शिवा?" किती सौदे मोडलेस माझे. एकदा मी भर बाजारात तुझी कॉलर धरली होती. तू म्हणालास, "सोड, इस्त्रीचा हाय." लोक हसले. मलाही हसू आलं, म्हणून जास्त राग आला.

तू रिटायर झालास आणि एके दिवशी न सांगता सोलापूरला माझ्या दारात आलास. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालास, "शिवा, सिद्रामप्पा कोण हुता ते बघू की. मरायच्या आधी."

"काय करायचंय?"

"तूच बोंबलतोस की दर येळवसला. एकदा काय ते खरं-खोटं हुईल."

मी लगेच तयार झालो. मला वाटलं, बैल स्वतःच दावं तोडून माझ्या गोठ्यात आला.

तीन वर्षं आपण फिरलो. मी बाजाराला निघालो की मागं जनावरं आणि केबिनमध्ये तू. कचेऱ्यांत गेलो, तिथं सिद्रामप्पाचं नाव होतं, माणूस नव्हता. अक्कलकोटच्या मठापाशी बसणारे म्हातारे विचारले. मैंदर्गीत एका आज्जीनं आपल्याला जेवायला घातलं, तासभर कानडीत कुणाची तरी कहाणी सांगितली आणि शेवटी कळलं की तो सिद्राम वेगळा. परत येताना तू इतका हसलास की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या तीन वर्षांत मी तुझ्याशी जेवढा बोललो तेवढा बायकोशीही बोललेलो नाही. हे मी तुला कधी म्हणालो नाही. आता म्हणतोय तर ऐकायला तू नाहीस, म्हणजे हाही सौदा तोट्यातच.

शेवटी तू म्हणालास, हेळवी शोधू.

हेळवी नव्या पोरांना माहीत नाहीत. आपल्या ह्या सीमेवर त्यांचं काम एकच: घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवायच्या आणि सुगीनंतर बैलावर बसून दारात येऊन गायच्या. कोण कुणाचा, कुठून आला, कुणाच्या पोटी कोण. घर त्याला धान्य देतं, एखादं जनावर देतं. आपल्या घराण्याचा हेळवी आपण लहान असताना यायचा. मग माझ्या बापानं त्याला दारातून हाकलला. मला आठवतं ते एवढंच की बाप चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावर उभा आणि हेळव्याचा बैल वळतोय. पुढं तो गावातच यायचा थांबला. मला लहानपणापासून सांगितलं गेलं की त्यानं आधी तुमचं घर गायलं म्हणून बापाचा अपमान झाला. मला ते पटलेलं होतं. मीही हेच केलं असतं.

त्या हेळव्याचा मुलगा यल्लप्पा आपल्याला सीमेपलीकडच्या एका वस्तीवर सापडला. दात गेलेले, आवाज शाबूत. मी म्हणालो, "तात्या, आमचं गाणं म्हणा." तो म्हणाला, "इल्ला. गाणं घराच्या दारात. हितं बाजंवर न्हाई." बरं, चला दारात. तर म्हणे बैलावर बसून येणार. मी म्हणालो, बैल माझाच देतो. मग देण्याचा विषय निघाला. त्याला कालवड हवी होती. मी मेंढीवर आणायला बघत होतो. माझी घासाघीस अर्धा-पाऊण तास शांतपणे ऐकून तो म्हातारा म्हणाला, "मेंढी दिली तर बापाकडनं गातो. कालवड दिली तर आईकडनं गातो. बघा बाबा."

जन्मभर घासाघीस करणारा मी, मला असं बोलणारा पहिल्यांदा भेटला. मी अजून ताणणार, तेवढ्यात तू मध्येच बोललास. "माझ्या गोठ्यातली कालवड तुमची, तात्या. चला."

मी तुझ्यावर ओरडलो. हातात आलेला सौदा मोडलास म्हणालो. तू म्हणालास, "ह्यो तुझ्या धंद्यातला न्हाई."

तुझ्या दारात तो गायला. गावात त्या दिवशी जत्रा होती, भावकीतलं कुणी घरी नव्हतं. ऐकायला तू, मी आणि वहिनी. गाणं कानडी-मराठी मिसळलेलं, पण मला सगळं कळलं. आगीची गाडी दुधनीवरून नवी नवी जायला लागली त्या काळातलं. हितल्या एका शेतकऱ्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी. गौरव्वा. तिला दिलं त्या घरी नवरा मेला. ती बापाकडं परत आली. भीमेपलीकडून सिद्राम नावाचा पोरगा एक बैल घेऊन कामाला आला. बापानं त्याला गौरव्वा दिली. विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे आपल्याकडं म्हणतात ती उडकी. उडकीला वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, कुणी बोलत नाही. पुरुषानं बाईच्या अंगावर नवं लुगडं टाकायचं, झालं. तिला रेवप्पा झाला. बापानं जमीन तिला दिली. पुढं सिद्रामनं दुधनीकडची नीलव्वा लग्न करून आणली. वाजंत्री लावून, अक्षता टाकून. लग्नाची म्हणून ती वरची ठरली. तिचे मुलगे वयानं रेवप्पाच्या मागचे, पण मानानं पुढचे.

नीलव्वाचे ते तुम्ही. रेवप्पाचे ते आम्ही.

मी तुझ्याकडं पाहिलं. तू वहिनींकडं पाहत होतास. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट वाजत होती: आम्ही थोरले. आम्ही आधीपासून थोरले. लुगड्याचं, दगडाचं, मी किती वर्षं तोंड बंद ठेवून कुणाच्या अंगावर काय टाकत होतो, ते मला मग रात्री अंथरुणात कळलं.

यल्लप्पाला वस्तीवर सोडून परत येताना मी म्हणालो, "अण्णा, ऐकलंस न्हवं? येळवसला पहिला नारळ माझा."

"तुझा," तू म्हणालास.

एवढ्या लवकर? बाजारात कुणी पहिल्या बोलीला मान हलवली की मी बैलाचे खूर पुन्हा तपासतो.

"पण गाणं सगळं व्हायचं," तू म्हणालास. "दगडापुढं, भावकीपुढं. उडकीसकट."

मी गाडी मैंदर्गीजवळ एका चहाच्या टपरीवर घेतली. मी म्हणालो, रेवप्पा वयानं थोरला एवढंच सांग. बाकी कशाला? तू माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढलास, बाकावर आपल्या दोघांच्या हातांवर पसरलास आणि त्याखाली माझा हात धरलास. आम्ही व्यापारी बैलाचा भाव असाच करतो, रुमालाखाली, बोटांनी, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये. तुला ते कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. तू माझी पाचही बोटं धरलीस. सगळं. मी तुझी तीन धरली. रेवप्पा थोरला, नारळ आमचा, बाकी गप्प. तू पुन्हा पाच. मी पुन्हा तीन. चहावाला ग्लास घेऊन उभा. त्यानं इकडं-तिकडं पाहिलं आणि विचारलं, "मालक, बैल कुटं हाय?"

तू म्हणालास, "लई मागं ऱ्हायलाय. दीडशे वर्सं."

मग मला म्हणालास, "शिवा, जमीन तिची. नाव तिचं. तिच्या दगडावर नारळ फोडून मोठं व्हायचं आणि तिलाच गाळायचं?"

"तुला बोलायला काय जातंय? तू लग्नाचा. उद्या चंद्रशा मला उडकीचा म्हणून हाक मारंल ती मी ऐकायची."

"म्हणू दे की. काय खोटं हाय?"

मी चारवरही आलो नाही. तुझी बोटं जरा वेळ तशीच राहिली, मग तू हात काढून घेतलास आणि टॉवेलची घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवलीस. 

गेल्या येळवसला मी लुगडं टाकलं. तुझ्या हातात नारळ होता. तू तो माझ्यासमोर धरलास आणि हळूच विचारलंस, "सांगू का सगळं?" मी मान हलवली, नको.  मग वळलास आणि नारळ फोडलास. मला अजूनही वाटतं की तू तेव्हा तो माझ्या हातात द्यायला हवा होतास. तुझं काय जात होतं? पण मी अजून माझ्या तीन बोटांवरच अडलोय हे तू ओळखलंस, आणि ते खरंच होतं.

वर्षभर आपण जवळजवळ बोललो नाही. उन्हाळ्यात मी तुझ्या शेजाऱ्याला एक बैल दिला. तो तुझ्याकडं दात दाखवायला घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम तिथंच थांबलो होतो. तू जबडा उघडलास, बघितलंस, मिटलास. "चांगला हाय," म्हणालास. अण्णा, तो जुळलेला होता. तुला दिसलं होतं. तू माझा सौदा मोडला नाहीस, तेव्हा मला कळलं की आपलं भांडण किती मोठं आहे. मीच दुसऱ्या दिवशी तो बैल बदलून दिला. हेही तुला सांगायचं राहिलं.

तू गेलास आणि येळवस तोंडावर आली. आपल्यात सुतक धरत नाहीत, पूजा चुकवत नाहीत. तुझं नाव गाण्यात घालायचं तर यल्लप्पाला कळवायला हवं होतं. ते कोण करणार? मल्लूला हेळवी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मी गेलो, आणि तुझी पाच बोटं कबूल करून, सगळं गा म्हणून सांगून आलो. तो म्हणाला, येतो, बैल आण. परत येऊन मी वहिनींकडं गेलो. त्या चुलीपुढं बसून उंड्यांसाठी बाजरी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, हेळवी सगळं गाईल. उडकीसकट. भावकीपुढं. तुमची हरकत असली तर आत्ताच सांगा."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माझी कशाला? हे तेवढंच म्हणत हुते की."

"भावकीला आता कळेल—"

"बायकांना ठावंच हाय, भावजी. मी लग्न करून आले त्या पहिल्याच येळवसला सासूबाईंनी सांगितलं हुतं, लुगडं का टाकतात ते. तुमच्या आईलाबी ठावं हुतं. लुगड्याची घडी त्याच घालून द्यायच्या न्हवं तुमच्या हातात?"

मी चुलीपाशी बसलो.

"आणि अण्णाला?"

"ह्यांना ल्हानपणापासनं. सासूबाईंच्या मांडीवर असल्यापासनं."

"मग तीन वर्षं..." मी म्हणालो.  मठापाशी, कचेरीत, मैंदर्गीच्या आज्जीकडं, त्या कालवडीपर्यंत. तुला सगळं माहीत होतं.

"तुमच्या दारात येऊन थोरल्या घरच्यानं सांगायचं, तुमी उडकीचे? तुमी ऐकून घेतलं असतं व्हय? काठ्या निघाल्या असत्या. हे म्हणायचे, शिवा माझं ऐकायचा न्हाई, हेळव्याचं ऐकंल." त्यांनी सूप परत घेतलं. "तुमच्या वडलांनी हेळव्याला उगं न्हाई हाकललं. ते गाणं तुमच्याच दारात म्हणाय लागला म्हणून."

मी बापासारखाच वागलो, हे मला कुणी तोंडावर म्हणालं नाही. वहिनी बाजरी निवडत राहिल्या.

तू मला फसवलंस, अण्णा. आयुष्यभर बाजारात मला कुणी फसवलं नाही. तू तीन वर्षं शेजारी बसून, माझ्याच गाडीत, माझ्याच डब्यातलं खाऊन मला फसवलंस, आणि ते माझ्या भल्यासाठी केलंस म्हणून मला तुझ्याशी भांडताही येत नाही. आभारही मानता येत नाहीत.  मला रडू येईल असं वाटलं होतं त्या दिवशी. वहिनींनी चहा दिला, मी प्यालो, आणि बैलाला वैरण टाकायला गेलो.

येळवसला यल्लप्पा माझ्या बैलावर बसून गौरव्वाच्या पट्टीत आला. सगळी भावकी गोळा झाली. मी लुगडं टाकलं. हलगी थांबली, रीतीप्रमाणं. मग मी रीत मोडली. तोंड उघडलं. म्हणालो, "तात्या, आईकडनं गा."

तो गायला. उडकी आली तेव्हा मी चंद्रशाकडं बघत होतो. त्याच्या तोंडावर काही हललं नाही. बायका मान हलवत होत्या, पाठ असलेलं गाणं ऐकल्यासारख्या. गाणं संपलं तेव्हा चंद्रशानं विचारलं ते एवढंच, "मग आता लुगडं कुणी आणायचं? थोरल्यानं का धाकट्यानं?"

मल्लू म्हणाला, "आमी आणतो की इथून पुढं." आणि त्यानं त्याच्या हातातला नारळ माझ्यापुढं धरला. "काका, तुमी फोडा."

मी फोडला. म्हणालो, "लुगडं माझ्याकडंच राहू दे." का म्हणालो ते कुणी विचारलं नाही. कुणीतरी भज्जी गार होतेय म्हणालं. एवढंच झालं, अण्णा. ज्या गोष्टीसाठी मी तुला मान हलवून नको म्हणालो होतो, ती एवढीच होती.

लोक पंगतीकडं वळणार, तेवढ्यात यल्लप्पानं हात वर केला. "थांबा. नवं नाव ऱ्हायलंय." त्यांच्यात रीत अशी की घराण्यातलं कुणी गेलं तर हेळवी ते नाव आपणहून घालत नाही. थोरल्या घरच्या पुरुषानं भावकीपुढं तोंडानं सांगावं लागतं, मग ते गाण्यात जातं. मला हे माहीत नव्हतं. आम्ही कधी थोरले नव्हतो.

त्यानं बैलावरूनच तुझ्याबद्दल विचारलं, "नीलव्वाच्या घरचा गुरुलिंग. हाय का गेला?"

सगळे माझ्याकडं वळले. चंद्रशासुद्धा. मल्लू, वहिनी, सगळे. उभ्या आयुष्यात भावकी असं माझ्याकडं बघून थांबली नव्हती. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाजारात माझा आवाज ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

यल्लप्पानं पुन्हा विचारलं, "थोरला कोण हाय?"

"मी."

"मग सांग बाबा."

वारा नव्हता, ज्वारीसुद्धा हलत नव्हती. मी तुझं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. त्या नावानं मी तुला कधीच हाक मारली नव्हती. आणि मग मी म्हणालो, "गेला."